सोफस ली

मारियस सोफस ली (जन्म : १७ डिसेंबर १८४२, नॉर्डफ्योर्डआइड, नॉर्वे, मृत्यू : १८ फेब्रुवारी १८९९, क्रिस्तियानिया, नॉर्वे) हे नॉर्वेजियन गणितज्ञ होते. सलगपणे बदलत जाणाऱ्या रूपांतरणांच्या गटांचा सिद्धांत त्यांनी उभारला आणि त्याचा उपयोग भूमिती व अवकल समीकरणे यांच्या अभ्यासासाठी केला. आज गणितात आणि भौतिकशास्त्रात ‘ली गट’ व ‘ली बीजगणित’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या रचनांचा उगम त्यांच्या कार्यात आहे. त्यांच्या आडनावाचा उच्चार ‘ली’ असा आहे. रोमन लिपीतील अक्षरांवरून कधी कधी केला जाणारा ‘लाय’ हा उच्चार चुकीचा आहे.

ली यांच्या हयातीत त्यांचे कार्य फार थोड्या गणितज्ञांना पूर्णपणे समजले होते. आपले विचार इतरांपर्यंत पोहोचावेत यासाठी त्यांना आयुष्यभर झटावे लागले. या प्रयत्नात त्यांना मोलाचे सहकारी मिळाले, पण त्यांपैकी काहींशी पुढे कटुताही आली. त्यांच्या मृत्यूनंतर मात्र त्यांच्या कल्पनांचा विस्तार त्यांना स्वतःला कल्पना करता आली नसती अशा क्षेत्रांत झाला.

बालपण आणि शिक्षण

ली यांचा जन्म नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील नॉर्डफ्योर्डआइड या गावी झाला. त्यांचे वडील योहान हेर्मान ली हे लुथरपंथी धर्मोपदेशक होते. सहा भावंडांत सोफस सर्वांत धाकटे. १८५१ मध्ये वडिलांची नेमणूक देशाच्या आग्नेय भागातील मॉस या शहरात झाली व सर्व कुटुंब तेथे स्थलांतरित झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या आईचे निधन झाले. त्या वेळी सोफस अवघे नऊ वर्षांचे होते.

मॉस येथील प्राथमिक शिक्षणानंतर १८५७ मध्ये ते राजधानी क्रिस्तियानिया (आजचे ओस्लो) येथील निसेन यांच्या शाळेत दाखल झाले. तरुणपणी त्यांचा ओढा सैनिकी पेशाकडे होता. उंच, धिप्पाड शरीरयष्टी आणि व्यायामाची आवड यांमुळे ते त्या पेशाला साजेसे होते, परंतु अधू दृष्टीमुळे त्यांना तो विचार सोडावा लागला. दूरवर पायी चालण्याचा त्यांना छंद होता. एखादे पुस्तक आणण्यासाठी ते क्रिस्तियानियाहून सुमारे ६० किलोमीटरवरील मॉसच्या घरापर्यंत चालत गेले आणि तसेच परत आले, अशी आख्यायिका त्यांच्याविषयी सांगितली जाते.

१८५९ मध्ये त्यांनी क्रिस्तियानियाच्या विद्यापीठात विज्ञान विषयासाठी प्रवेश घेतला. १८६२ मध्ये लुडविग सीलो यांनी तेथे एवारिस्त गाल्वा यांच्या समीकरण-सिद्धांतावर व्याख्याने दिली व ली यांनी ती ऐकली. पुढे ज्या कल्पनेवर त्यांचे सर्व कार्य उभे राहिले तिच्याशी त्यांचा झालेला हा पहिला परिचय होता. मात्र त्या वेळी त्याचा विशेष परिणाम झालेला दिसत नाही. १८६५ मध्ये पदवी मिळवताना कोणत्या विषयाला वाहून घ्यावे हे त्यांना ठरवता आलेले नव्हते. पुढची काही वर्षे त्यांनी खासगी शिकवण्या घेतल्या, खगोलशास्त्रावर लोकप्रिय व्याख्याने दिली आणि निराशेचा काळही अनुभवला.

१८६८ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी ज्याँ-व्हिक्तर पाँसले आणि युलियस प्लुकर या दोन भूमितिज्ञांचे ग्रंथ त्यांच्या वाचनात आले. अवकाशातील मूळ घटक म्हणून बिंदूऐवजी रेषा किंवा अन्य आकृतीही घेता येते, हा प्लुकर यांचा विचार त्यांना विलक्षण वाटला. गणितज्ञ होण्याचा त्यांचा निर्णय येथूनच पक्का झाला. १८६९ मध्ये त्यांनी आपला पहिला लघुलेख स्वखर्चाने छापला. त्यातील मांडणी इतकी संक्षिप्त व अपरिचित होती, की क्रिस्तियानियातील विद्वानांना तो लेख स्वीकारण्यास संकोच वाटला. परंतु त्याच वर्षी तो बर्लिनहून निघणाऱ्या क्रेले यांच्या प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि परदेशी अभ्यासासाठी त्यांना शिष्यवृत्ती मिळाली.

क्लाइन यांच्याशी मैत्री

१८६९ च्या हिवाळ्यात बर्लिन येथे ली यांची फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाशी भेट झाली. क्लाइन हे प्लुकर यांचे शिष्य होते व ली यांच्याहून सुमारे सहा वर्षांनी लहान होते. दोघांचे स्वभाव भिन्न होते, पण भूमितीकडे पाहण्याची दृष्टी एकच होती. १८७० च्या वसंत ऋतूत दोघेही पॅरिसला गेले. तेथे कामिय जॉर्दां आणि गास्तों दार्बू या फ्रेंच गणितज्ञांशी त्यांचा परिचय झाला. जॉर्दां यांचा गाल्वा-सिद्धांतावरील मोठा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. गट या संकल्पनेचे महत्त्व दोघा मित्रांना तेथे नव्याने उमगले.

पॅरिसमधील वास्तव्यात जुलै १८७० च्या सुमारास ली यांनी आपला पहिला मोठा शोध लावला. अवकाशातील रेषांचे गोलांमध्ये रूपांतर करणारी एक पद्धत त्यांना सापडली. तिच्यामुळे एकमेकींना छेदणाऱ्या रेषांचे रूपांतर एकमेकांना स्पर्श करणाऱ्या गोलांत होते आणि रेषांच्या भूमितीतील प्रश्न गोलांच्या भूमितीत नेऊन सोडवता येतात. स्पर्शाचा संबंध कायम राखणाऱ्या अशा रूपांतरणांचा अभ्यास हा पुढे त्यांच्या कार्याचा एक प्रमुख भाग बनला.

फोंतेनब्लो येथील अटक

१९ जुलै १८७० रोजी फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध सुरू झाले. क्लाइन यांना तातडीने जर्मनीला परतावे लागले. ली ऑगस्टपर्यंत पॅरिसमध्ये थांबले आणि नंतर इटलीकडे पायी जाण्याच्या विचाराने निघाले. पॅरिसच्या दक्षिणेस असलेल्या फोंतेनब्लो येथे त्यांना जर्मन हेर समजून अटक करण्यात आली. उंच, गौरवर्णीय, फ्रेंच भाषेवर परकीय छाप असलेला, एकटाच पायी भटकणारा हा तरुण युद्धकाळात संशयास्पद वाटणे स्वाभाविक होते. त्यातच त्यांच्याजवळ क्लाइन यांची जर्मन पत्रे आणि गणिताची टिपणे सापडली. ही टिपणे म्हणजे सांकेतिक लिपीतील संदेश होत, असा अधिकाऱ्यांचा समज झाला.

सुमारे एक महिना ली तुरुंगात होते. या काळातही त्यांनी गणिताचे काम थांबवले नाही. अखेर दार्बू यांनी अधिकाऱ्यांकडे जाऊन त्यांची ओळख पटवून दिली, तेव्हा त्यांची सुटका झाली. तेथून ते इटलीला गेले आणि स्वित्झर्लंड व जर्मनीमार्गे वर्षअखेरीस नॉर्वेला परतले.

प्राध्यापकपद आणि गटांचा सिद्धांत

१८७१ मध्ये ली क्रिस्तियानियाच्या विद्यापीठात साहाय्यक झाले. उदरनिर्वाहासाठी, पूर्वी ज्या शाळेत शिकले त्याच निसेन यांच्या शाळेत ते शिकवीतही असत. भूमितीय रूपांतरणांच्या एका वर्गावरील प्रबंधासाठी त्यांना डॉक्टरेट मिळाली. स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील रिक्त प्राध्यापकपदासाठी त्यांनी अर्ज केला, तेव्हा हा गणितज्ञ देशाबाहेर जाऊ नये म्हणून नॉर्वेच्या संसदेने १८७२ मध्ये त्यांच्यासाठी खास प्राध्यापकपद निर्माण केले. त्याच वर्षी क्लाइन यांनी एर्लांगेन येथे आपला सुप्रसिद्ध कार्यक्रम मांडला. ज्या रूपांतरणांमुळे आकृतींचे गुणधर्म बदलत नाहीत त्या रूपांतरणांच्या गटावरून भूमितीचे स्वरूप ठरते, ही त्यातील मध्यवर्ती कल्पना दोघा मित्रांच्या चर्चांमधूनच विकसित झालेली होती. १८७४ मध्ये ली यांचा विवाह ॲना बिर्च यांच्याशी झाला. त्यांना दोन मुली व एक मुलगा अशी तीन अपत्ये झाली.

१८७३–७४ च्या हिवाळ्यापासून ली यांनी सलग रूपांतरण गटांच्या सिद्धांताची उभारणी सुरू केली. त्यांच्यासमोरचा आदर्श गाल्वा यांचा होता. बहुपदी समीकरण मुळांच्या साहाय्याने सोडवता येईल की नाही, हे त्या समीकरणाच्या उकलींची अदलाबदल करणाऱ्या सांत गटावरून ठरते, असे गाल्वा यांनी दाखवले होते. अवकल समीकरणांच्या बाबतीतही असेच काही करता येईल का, हा ली यांचा प्रश्न होता.

अवकल समीकरणे सोडवण्याच्या अनेक युक्त्या त्या काळी ज्ञात होत्या, पण त्या सुट्या सुट्या होत्या. त्यांपैकी बहुतेकांच्या मागे एकच तत्त्व आहे, हे ली यांच्या लक्षात आले. उदाहरणार्थ, ज्या समीकरणात य चा क्ष-सापेक्ष अवकलज केवळ य आणि क्ष यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो, ते समीकरण य = व × क्ष असे मांडून सोडवावे, हे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आजही शिकवले जाते. ही युक्ती का चालते, याचे उत्तर ली यांच्या सिद्धांतातून मिळते. क्ष व य या दोहोंना एकाच संख्येने गुणले तरी त्यांचे गुणोत्तर बदलत नाही आणि अवकलजही बदलत नाही. म्हणजेच आकृती लहानमोठी करणाऱ्या रूपांतरणांच्या एका संपूर्ण सलग गटाखाली हे समीकरण अबाधित राहते. अशी सममिती ओळखता आली, की समीकरण अधिक सोप्या रूपात आणण्याचा मार्ग सापडतो.

अत्यल्प रूपांतरणे आणि ली कंस

सलग गटात अगणित रूपांतरणे असतात. त्या सर्वांचा एकेक करून विचार करणे अशक्य असते. यावर ली यांनी शोधलेला उपाय हा त्यांच्या कार्याचा गाभा होय. मोठे परिभ्रमण हे अगणित सूक्ष्म परिभ्रमणांनी बनलेले असते. त्याचप्रमाणे गटातील रूपांतरण हे जवळजवळ काहीच न बदलणाऱ्या अत्यल्प रूपांतरणांपासून घडवता येते. ही अत्यल्प रूपांतरणे सदिशांप्रमाणे बेरजेने एकत्र करता येतात व त्यांची मोजकी मूलभूत संख्याच पुरेशी असते. त्रिमितीय अवकाशातील परिभ्रमणांसाठी अशी केवळ तीन मूलभूत रूपांतरणे लागतात.

परंतु बेरजेमुळे एक महत्त्वाची माहिती हरवते. दोन रूपांतरणे कोणत्या क्रमाने केली, याने फरक पडू शकतो. टेबलावरील पुस्तक आधी आडव्या आणि मग उभ्या अक्षाभोवती काटकोनात फिरवले, तर त्याची जी स्थिती होते, तीच स्थिती क्रम उलटा केल्यास होत नाही. क्रम बदलल्याने पडणारा हा फरक मोजण्यासाठी ली यांनी जी राशी वापरली तिला आज ‘ली कंस’ म्हणतात. क आणि ख या दोन क्रिया असतील, तर

[क, ख] = कख − खक

अशी तिची व्याख्या होते. ‘क्ष ने गुणणे’ आणि ‘क्ष-सापेक्ष अवकलन करणे’ या दोन क्रिया क्ष² या फलावर करून पाहिल्यास हे स्पष्ट होते. आधी क्ष ने गुणून मग अवकलन केल्यास ३क्ष² मिळते; आधी अवकलन करून मग क्ष ने गुणल्यास २क्ष² मिळते. दोहोंतील फरक क्ष², म्हणजे मूळचेच फल आहे.

ली कंसात क आणि ख यांची अदलाबदल केल्यास चिन्ह बदलते. शिवाय

[क, [ख, ग]] + [ख, [ग, क]] + [ग, [क, ख]] = ०

हे समीकरण नेहमी खरे ठरते. जर्मन गणितज्ञ याकोबी यांच्या नावाने ते ओळखले जाते. साध्या गुणाकाराला लागू असणारा साहचर्य गुणधर्म ली कंसाला सामान्यतः लागू नसतो. त्याची जागा हे समीकरण घेते. या दोन नियमांचे पालन करणाऱ्या रचनेस ली बीजगणित म्हणतात. त्रिमितीय सदिशांचा सदिश गुणाकार हे तिचे सर्वांत परिचित उदाहरण असून तेच परिभ्रमण गटाचे ली बीजगणित आहे.

गटाचे स्थानिक स्वरूप त्याच्या अत्यल्प रूपांतरणांवरून आणि त्यांच्या कंसावरून पूर्णपणे ठरते, हे ली यांनी आपल्या मूलभूत प्रमेयांत सिद्ध केले. त्यामुळे वक्र व गुंतागुंतीच्या गटाचे प्रश्न सरळ, बेरीज-वजाबाकीच्या बीजगणितात आणता आले.

एंगेल यांचे साहाय्य

ली यांचे विचार भूमितीय अंतःप्रेरणेतून येत. ते लेखनात उतरवताना त्यांना अडचण येई. नॉर्वेमध्ये त्यांच्या विषयाचा दुसरा अभ्यासक नव्हता. १८७३ ते १८८१ या काळात त्यांनी सीलो यांच्यासह निल्स हेन्रिक आबेल या थोर नॉर्वेजियन गणितज्ञाच्या समग्र लेखनाचे संपादन केले. १८७६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसमवेत क्रिस्तियानियातून एक विज्ञानविषयक नियतकालिक सुरू केले आणि आपले अनेक लेख त्यात प्रसिद्ध केले. परंतु नॉर्वेबाहेर ते फारसे वाचले गेले नाहीत.

ली यांची ही अडचण ओळखून क्लाइन आणि लाइपझिग येथील आडॉल्फ मायर यांनी १८८४ मध्ये फ्रीड्रिख एंगेल या तरुण गणितज्ञाला क्रिस्तियानियास पाठवले. एंगेल तेथे सुमारे नऊ महिने राहिले. ली विषयाची रूपरेषा सांगत व एंगेल ती पद्धतशीरपणे लिहून काढत. या सहकार्यातून रूपांतरण गटांच्या सिद्धांतावरील तीन खंडांचा ग्रंथ तयार झाला. त्याचे खंड अनुक्रमे १८८८, १८९० व १८९३ मध्ये प्रसिद्ध झाले.

लाइपझिग येथील वर्षे

१८८६ मध्ये क्लाइन ग्योटिंगेनला गेले व त्यांच्या जागी लाइपझिग विद्यापीठात ली यांची नेमणूक झाली. तेथे त्यांना प्रथमच जाणकार विद्यार्थी लाभले. पॅरिसमधूनही तरुण अभ्यासक त्यांच्याकडे येऊ लागले. मात्र अध्यापनाचा भार मोठा होता आणि मायदेशाची, तेथील डोंगरांची व मोकळ्या हवेची ओढ त्यांना सतत जाणवत असे. १८८९ च्या अखेरीस निद्रानाश व तीव्र मानसिक थकवा यांमुळे त्यांना हानोव्हरजवळील एका मनोरुग्णालयात दाखल करावे लागले. काही महिन्यांनंतर ते घरी परतले व पुन्हा काम करू लागले, परंतु त्यांचा स्वभाव पूर्वीसारखा राहिला नाही. आपल्या कल्पनांचे श्रेय इतरांकडे जात असल्याचा संशय त्यांच्या मनात बळावत गेला.

१८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेत ही कटुता उघड झाली. आपण क्लाइन यांचे शिष्य नाही आणि वस्तुस्थिती उलट मानणेच सत्याच्या अधिक जवळ जाणारे ठरेल, असा आशय त्यांनी त्यात मांडला. वीस वर्षांहून अधिक जुन्या मित्रावरील या जाहीर टीकेने जर्मन गणितज्ञांमध्ये खळबळ उडाली. ज्यांच्या हातून तो ग्रंथ लिहिला गेला, त्या एंगेल यांच्याशीही याच सुमारास ली यांचा दुरावा निर्माण झाला. ली बीजगणितांच्या वर्गीकरणावर मूलगामी काम करणारे विल्हेल्म किलिंग यांच्यावरही त्यांनी कठोर टीका केली. किलिंग यांच्या सिद्धतांमध्ये उणिवा होत्या हे खरे. पण त्यांनी काढलेला मुख्य निष्कर्ष बरोबर होता, हे एली कार्तां यांनी १८९४ च्या आपल्या प्रबंधात दाखवून दिले.

क्लाइन यांनी या टीकेला जाहीर प्रत्युत्तर देण्याचे टाळले. १८९७ मध्ये कझान येथील भौतिकी-गणित संस्थेने लोबाचेव्हस्की यांच्या नावाचे पारितोषिक प्रथमच देण्याचे ठरवले, तेव्हा ली यांच्या कार्याचे मूल्यमापन करण्याचे काम क्लाइन यांच्याकडे आले. ज्या तिसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेत त्यांच्यावर टीका झाली होती, त्याच खंडातील भूमितीच्या पायाविषयीच्या संशोधनाची त्यांनी मनापासून प्रशंसा केली. हे पहिले पारितोषिक ली यांना मिळाले.

मायदेशी परत आणि मृत्यू

ली यांनी मायदेशी परतावे यासाठी नॉर्वेमध्ये प्रयत्न सुरू होते. १८९४ मध्ये नॉर्वेच्या संसदेने त्यांच्यासाठी पुन्हा एकदा खास प्राध्यापकपद मंजूर केले. प्रत्यक्ष परतण्यास मात्र १८९८ चा शरद ऋतू उजाडला. तोपर्यंत त्यांची प्रकृती ढासळली होती. त्यांना घातक पांडुरोग झाला होता. जीवनसत्त्व ब-१२ शरीरात शोषले न गेल्याने होणाऱ्या या विकारावर त्या काळी उपाय नव्हता. त्यावरील पहिले परिणामकारक उपचार १९२० च्या दशकात सापडले. या विकारात मज्जासंस्थेवर व मनःस्थितीवरही परिणाम होऊ शकतो. अशा अवस्थेतही ते विद्यार्थ्यांना शिकवीत राहिले. १८ फेब्रुवारी १८९९ रोजी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

शेवटच्या वर्षांत त्यांनी आणखी एक काम हाती घेतले होते. आल्फ्रेड नोबेल यांच्या पारितोषिकांत गणिताचा समावेश नाही, हे समजल्यावर १९०२ मध्ये येणाऱ्या आबेल यांच्या जन्मशताब्दीनिमित्त त्यांच्या नावाने गणिताचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक सुरू करावे, यासाठी त्यांनी युरोपभरातील गणितज्ञांशी पत्रव्यवहार केला. त्यांच्या मृत्यूमुळे आणि १९०५ मध्ये नॉर्वे व स्वीडन विभक्त झाल्यामुळे ही योजना मागे पडली. आबेल पारितोषिकाची स्थापना अखेर २००२ मध्ये झाली. २००३ मध्ये दिले गेलेले पहिले पारितोषिक ज्याँ-पिएर सेर यांना मिळाले. सेर यांच्या ग्रंथांत ली बीजगणिते व ली गट यांवरील व्याख्यानांचाही समावेश आहे.

ली यांच्या समग्र लेखनाचे संपादन एंगेल यांनी पॉल हेगार्ड यांच्या साहाय्याने केले. सात खंडांच्या या संपादनातील पहिले प्रकाशन १९२२ मध्ये झाले. दुरावा येऊनही एंगेल यांनी आपल्या आयुष्यातील अनेक वर्षे या कामासाठी दिली. सातवा खंड एंगेल यांच्या पश्चात १९६० मध्ये प्रसिद्ध झाला.

ली यांच्या कल्पनांचा विस्तार

किलिंग व कार्तां यांच्या वर्गीकरणानुसार संमिश्र संख्यांवरील, आणखी लहान घटकांत न विभागता येणाऱ्या ली बीजगणितांच्या चार अनंत मालिका आणि पाच अपवादात्मक रचना आहेत. त्या पाचांपैकी सर्वांत मोठीची मिती २४८ आहे. १९१८ मध्ये एमी नोएदर यांनी ली यांच्या सलग गटांच्या आधारे दाखवले, की भौतिक नियमांतील प्रत्येक सलग सममितीशी एक अक्षय्यतेचा नियम निगडित असतो. ‘ली बीजगणित’ हे नाव हेर्मान वाइल यांच्यामुळे १९३० च्या दशकात रूढ झाले. १९६१ मध्ये मरे गेल-मान आणि युव्हाल नेमान यांनी मूलकणांचे वर्गीकरण अशाच एका गटाच्या आधारे केले. भारतात जन्मलेले हरीश-चंद्र यांचे जीवनकार्य ली गटांच्या प्रतिरूपणांविषयीचे आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या विषयावर महत्त्वाचे संशोधन झाले असून, ली गटांच्या पृथक उपगटांवरील एम. एस. रघुनाथन यांचा ग्रंथ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला.

ली कंसाची व्याख्या करण्यासाठी रूपांतरणांची गरज नाही, हे पुढे स्पष्ट झाले. ज्या बीजगणितात गुणाकार साहचर्य गुणधर्म पाळतो, मग तो क्रमनिरपेक्ष नसला तरी, अशा कोणत्याही बीजगणितात कख − खक या सूत्राने ली रचना निर्माण होते. चौरस आव्यूहांचे बीजगणित हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. उलट दिशेने, प्रत्येक ली बीजगणित अशा एखाद्या साहचर्य बीजगणितात सामावता येते, हे प्वांकारे, बर्कहॉफ व विट यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या प्रमेयाचे फलित आहे. साहचर्य रचनेतील गुणधर्म तिच्यातून मिळणाऱ्या ली रचनेत कितपत उतरतात, याचा सखोल अभ्यास इस्रायल हर्स्टाइन यांनी १९५० च्या दशकात केला.

दरम्यान ली गटांच्या आकाराचा अभ्यास करताना हाइन्झ हॉफ यांना १९४१ च्या सुमारास एक नवी रचना आढळली. तिला आज हॉफ बीजगणित म्हणतात. गुणाकार दोन घटकांपासून एक घटक देतो. हॉफ बीजगणितात याच्या जोडीला एका घटकाची जोड्यांच्या बेरजेत उकल करणारी क्रियाही असते. दोन फलांच्या गुणाकाराचे अवकलन करताना अवकलन आधी एकावर, मग दुसऱ्यावर करून बेरीज घ्यावी लागते, हा परिचित नियम अशा उकलीचे सर्वांत साधे रूप आहे. ली बीजगणितापासून बनणारे साहचर्य बीजगणित आपोआप हॉफ बीजगणितही असते.

यातूनच ली रचनेच्या व्यापकीकरणाचा मार्ग खुला झाला. दोन घटकांची अदलाबदल करताना नेहमीच वजाबाकी का करावी, हा प्रश्न येथे मूलभूत ठरतो. भौतिकशास्त्रातील गरजेतून पुढे आलेल्या अतिबीजगणितांत घटकांचे सम व विषम असे दोन प्रकार असतात आणि दोन्ही घटक विषम असतील तर कंसात वजाबाकीऐवजी बेरीज, म्हणजे कख + खक घेतली जाते. अशा ली अतिबीजगणितांचे वर्गीकरण व्हिक्टर काट्स यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केले. याहून व्यापक मांडणीत अदलाबदलीचा नियमच एखाद्या हॉफ बीजगणिताकडून ठरवला जातो. सामान्य ली कंस आणि अतिबीजगणिताचा कंस ही त्याची विशेष रूपे ठरतात. अशा बीजगणितांवर आधारलेल्या साहचर्य रचनांमधील व्यापक ली रचनेचा अभ्यास युरी बाख्तुरिन, डेव्हिडा फिशमन व सुझन माँटगोमेरी यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात केला. हर्स्टाइन यांनी विचारलेलेच प्रश्न त्यांनी या नव्या कंसासाठी विचारले.

ली यांच्या मूळ सिद्धांतात कंस हा अवकल समीकरणे सोडवण्याच्या प्रयत्नातून आलेला होता. ती समीकरणे, रेषा आणि गोल यांचा संबंध नसलेल्या या अमूर्त रचनांमध्येही क्रम बदलल्याने पडणारा फरक मोजण्याची त्यांची पद्धत कायम राहिली आहे आणि त्या सर्व रचनांना आजही त्यांचेच नाव दिले जाते.